भजनातलं रागावणं

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकून बसलात तरी चालेल, फक्त डुलक्या काढायच्या नाहीत. आज एका आजीची गोष्ट सांगायची आहे. हसण्यासारखी आहे, तेव्हा खुशाल हसा. हसू जिथे थांबेल तिथे मात्र मला अर्थ विचारू नका, कारण तो मलाही लागलेला नाही.

ही आजी साबण करायची. घरामागच्या छपरात मोठी कढई, खाली लाकडाची चूल, शेजारी राखेचं निवळलेलं पाणी. ते पाणी आणि तेल एकत्र उकळायचं आणि लाकडी वल्ह्याने घोटत राहायचं. किती वेळ? तर एक भजन होईपर्यंत! घड्याळ तिला वाचता येत होतं, पण तिचा त्याच्यावर भरवसा नव्हता. "त्याला काय, कुणीही किल्ली दिली की चालतं. मला देव चालवतो," म्हणायची. आणि खरंच तो चालवायचा. गोठा, शेत, स्वयंपाक उरकून, कधी हात भाजलेला, कधी अंगात ताप, तरी कढईपाशी उभी राहिली की आवाज खणखणीत. गावातलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा तिच्याच साबणाने न्हायचं आणि चालायला लागलं की तिचीच बोलणी खायचं.

आता भजन म्हटलं तरी ते सलग कधीच झालं नाही. वल्हं न थांबवता ती मध्येच म्हणायची, "देवा, जरा थांब हं," आणि कुणावर तरी कडाडायची. रागावून झालं की सोडलेल्या शब्दापासून भजन पुढे सुरू. देवालाही सवय झाली असावी.

आजी गेली आणि कढई नातीकडे आली. नात शिवणकाम करायची. टेप लावल्याशिवाय तिने कुणाला साधा खिसा शिवून दिला नव्हता. भूतबीत म्हणजे ढिले बेतलेले कपडे, असं तिचं मत. आजीचं भजन तिला शब्दन् शब्द पाठ होतं. तिने ते सुरात, स्वच्छ, न अडखळता म्हटलं, कढई उतरवली आणि साच्यांत ओतली. साबण धरलाच नाही.

तिच्या बाबांनी त्यात बोट बुडवलं. "हा साबण आहे की पाकिटं चिकटवायची खळ?"

पुढच्या खेपेला बाबा स्वतः घड्याळ घेऊन बसले. साबण धरला, पण असा की हातात घेताच भिंतीच्या पोपड्यासारखा गळून पडला.

"हे बघ," बाबा म्हणाले, "तेलाचा एकच डबा उरलाय. तो वाया गेला की मी ही चूल फोडणार आणि इथे माझा टेम्पो उभा करणार. आईची आठवण काय कढईतच असते का?"

नातीने तेलाचा डबा आपल्याकडे ओढला. तिचं उत्तर 'हो' असंच होतं.

तिला वाट दाखवली ती बोकडाने. पुढारी त्याचं नाव. दाढी, चाल आणि दुसऱ्याचं खाण्याची हातोटी, सगळं नावाला शोभेसं. बाबांच्या त्या घड्याळाच्या खेपेलाही नात सवयीने भजन गुणगुणत होती. नेमक्या एका कडव्याला पुढारी आला, केरसुणीत तोंड घातलं आणि थांबला. ओरडा येईना. त्याने मान वर करून नातीकडे पाहिलं, अगदी अपमान झाल्यासारखं, आणि केरसुणी न खाताच निघून गेला.

ते आठवून नातीने कपाळावर हात मारला. भजनाच्या मापात रागावणंही धरलेलं होतं!

मग घरातली बोलणी गोळा करायचं काम निघालं. भिंतीपलीकडे राहणारी काकू म्हणाली, "मला विचारू नका. मला सासूबाई कधी रागावल्याच नाहीत."

"असं?" बाबा म्हणाले. "मग 'झाकण, झाकण! माहेरी आभाळ झाकण होतं का?' हे कुणाला?"

"ते प्रेमानं होतं."

"तुम्हाला काय म्हणायची?" नातीने विचारलं.

बाबा जरा लाजले. "पाय पूस. चिखल तुझ्या बापानं नाही आणलेला, तू आणलायस."

असं एकेक जमत गेलं. शेवटच्या कडव्याआधीचं एक तेवढं उरलं.

"तिथंच थांब. त्याची वेळ झालेली नाही," नात म्हणाली. "हे कुणाला?"

"मांजराला," काकू म्हणाली.

"आपल्याकडे मांजर कधी होतं?"

काकूने बाबांकडे पाहिलं. बाबांनी पुढारीकडे.

"आणि हे ओरडून नसायचं," नात म्हणाली. "हळू बोलायची. लाकडांच्या कोपऱ्याकडे बघून."

"म्हातारपण," बाबा म्हणाले. "ते सोडून दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी, लख्ख उन्हात, शेवटचं तेल कढईत पडलं. सकाळीच राख चाळल्यामुळे छपराच्या जमिनीवर तिचा मऊ थर बसला होता. बाबा निकाल द्यायला लाकडांकडे पाठ करून स्टुलावर बसले. काकू राखेच्या पाण्याचं झाकण घेऊन उभी.

नातीने भजन धरलं. "देवा, जरा थांब हं," म्हणून तिने पुढारीला असा हाणला शब्दांनी, की तो टुणकन उडाला आणि तृप्त होऊन बाहेर गेला. काकूने 'माहेरी' ऐकताच पाण्यावर झाकण बसवलं आणि नाक मुरडलं. आपली पाळी आली तेव्हा साठीचे बाबा मुकाट्याने उठले, दारातल्या पोत्यावर पाय पुसून आले, आणि पुढचं कडवं होईपर्यंत रुमालाने डोळे पुसत बसले. कढईतल्या लगद्यावर चकाकी येऊ लागली. सगळे हसत होते.

शेवटच्या कडव्याआधी नात थांबली. रिकाम्या कोपऱ्याशी बोलायची तिला लाज वाटली. तेवढा श्वासभर वेळ गप्प राहायचं, असं तिने ठरवलं होतं.

वल्हं फिरत होतं. तिने सहज कोपऱ्याकडे पाहिलं.

लाकडांसमोरच्या राखेत दोन अनवाणी पावलं उमटली होती. तिथवर कुणी गेलं नव्हतं.

वल्ह्याचा एक फेरा झाला.

आता आणखी एक जोडी अलीकडे होती. आधीची दोन पावलं मागे तशीच.

"गाणं का थांबलं?" बाबा म्हणाले. "कोरड पडली का?"

आणखी एक फेरा. नवी पावलं बाबांच्या स्टुलाच्या अगदी मागे, बोटं त्यांच्याकडे.

काकूचा धक्का लागून पाण्यावरचं झाकण पडलं.

"तिथंच थांब," नात म्हणाली. आवाज तिचा नव्हता, आजीचा होता, हळू आणि दमलेला. "त्याची वेळ झालेली नाही."

मग तिने शेवटचं कडवं म्हटलं. एकही शब्द गाळला नाही.

साबण उत्तम धरला. बाबांनी वडी उन्हात धरली, हुंगली आणि कबूल केलं, "आईचाच." चूल फोडायचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. टेम्पो अजून रस्त्यावरच असतो. तेल आणणं त्यांच्याकडे आहे आणि भजन नातीकडे. आता ती ते रोज म्हणते, कढई असो वा नसो.

बाबांना तिने काही सांगितलं नाही. त्या संध्याकाळी ते स्टूल उचलून घरात गेल्यावर ती एकटी जमीन झाडायला बसली. स्टूल होतं त्यामागे पावलं तशीच होती. पुढे एकही पडलेलं नव्हतं.

परत गेलेलंही एक नव्हतं.

तर मंडळी, त्या आजीची आठवण ठेवा. इतकी वर्षं हात घोटण्यात, तोंड देवाच्या नावात, आणि नजर त्या कोपऱ्यावर ठेवून ती बाई उभी होती, आणि घरातल्यांना वाटत होतं की म्हातारी मांजराशी बोलते आहे.