ताईच्या फ्लॉपीत नसलेला प्रश्न

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू दे. मला कोणाला पटवायचं नाही. ती घडली माझ्याच दुकानात, बुधवारी, दुपारी तीन वाजता. भुतं फक्त रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून बंद पडलेली मशीन्स.

त्या आठवड्यात दादाने आमच्या घरातला पहिला कॉम्प्युटर आणून टेबलावर आदळला. शुक्रवारी त्याच्या ऑफिसात कार्यक्रम होता. लहानपणी त्याने एकट्याने बनवलेला गेम त्याला लोकांना दाखवायचा होता.

एकट्याने.

माझं डोकंच फिरलं. तो गेम ताईने बनवला होता. आमच्या सगळ्यात थोरल्या बहिणीने. कॉलेजातून आली की एक फाटकं पुस्तक मांडीवर घेऊन ती रात्रीच्या जेवणापर्यंत टाइप करत बसायची. त्यात दादाची एक ओळ जरी निघाली, तर मी दुकानाला टाळं लावीन.

गेम साधा होता. घरातलं एक माणूस मनात धरायचं. मशीन एकेक प्रश्न विचारणार, आपण हो किंवा नाही दाबायचं. शेवटी ते माणूस ओळखणार. प्रश्न सगळे ताईचे, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत आणि एकजात खोडसाळ. आंघोळ म्हटलं की याचं पोट दुखतं का? तो मी. स्वतःची चूक दुसऱ्याच्या माथी मारतो का? तो दादा.

ताई एकोणिसाव्या वर्षी तापाने गेली. पुढे तोच गेम दाखवून दादाने पहिली नोकरी मिळवली. आयत्या बिळावर नागोबा! मला सगळं माहीत होतं. घरात कोणी काही बोललं नाही, म्हणून मीही मूग गिळून बसलो.

पहिल्या स्क्रीनवर एक ओळ होती. "बनवणारी : ताई." जगात तिच्या हातचं तेवढंच उरलं होतं. दादा म्हणाला, ती काढ आणि माझं नाव घाल.

मी भांडलो. चांगला कडाकडा भांडलो. त्याने ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "हे दुकान कोणामुळे उभं आहे, आठवतंय ना?"

मी ओळ बदलली.

हो, मीच. त्याला शिव्या घालत बदलली, पण बदलली.

दादा गेल्यावर गेम नीट चालतो का ते बघायला मी मनात ताईलाच धरलं.

गेम ज्या फ्लॉपीवर होता, ती जुनी. ती वाचताना प्रत्येक प्रश्नाआधी ड्राइव्ह खरखरायचा.

खर्रर्र... भावंडांपैकी कोणी आहे का? हो.

खर्रर्र... बाई आहे का? हो.

खर्रर्र... एकदा नाही म्हटलं की नाहीच का? हो.

आता ताईचं नाव यायला हवं होतं. इथे गेम संपतो.

पण ड्राइव्ह खरखरला नाही...

बाहेर रस्त्यावर गाड्या जात होत्या. मला दिसत होत्या. आवाज मात्र एकीचाही येत नव्हता...

स्क्रीनवर अक्षरं उमटू लागली. एकेक... थांबत थांबत... कोणी टाइप करत असल्यासारखी.

"तिचं नाव तू खोडलंस का?"

हा प्रश्न त्या फ्लॉपीत नव्हता. तासाभरापूर्वीच मी सगळे प्रश्न उघडून वाचले होते. एकूण अडतीस. हा त्यात नव्हता.

माझी पाचावर धारण बसली. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा संताप जास्त होता. मला का विचारतेस? करायला लावणारा तो. वर्षानुवर्षं मिरवणारा तो. त्याला विचार की!

मी "नाही" दाबलं.

बराच वेळ काहीच झालं नाही...

मग एक ओळ आली.

"ओळखलं. तू दादा आहेस. बरोबर?"

मी प्लग खेचून काढला.

ती ओळ तरीही स्क्रीनवर होती. मी दहापर्यंत मोजलं. मग ती गेली, आणि रस्त्यावरचे आवाज एकदम कानात शिरले.

दादाला मी फ्लॉपी खराब झाल्याचं सांगितलं. तो चिडला, तणतणला आणि नुसतं मशीन घेऊन गेला. शुक्रवारी बंद मशीनशेजारी उभा राहून त्याने तीच गोष्ट सांगितली. एकट्याने बनवलं म्हणे. मी तिसऱ्या रांगेत होतो. उठून एक वाक्य बोलायचं होतं. आदल्या रात्री घरी मी ते पाठही केलं होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

फ्लॉपी अजून माझ्या खणात आहे. परत कुठल्याच मशीनमध्ये घातली नाही. घातली, तर या वेळी कोणतं बटण दाबावं लागेल ते मला माहीत आहे.