काळ्या घळीतली हाक

आळिंब्या वेचायला डोंगरात गेलेला म्हातारा प्यो दाल-सू सापडला शोधाच्या तिसऱ्या दिवशी सकाळी, काळ्या घळीत. पोलिसांच्या कुत्रीनं शोधला. पाय मोडलेला, ओठ फुटलेले. डॉक्टर म्हणाले, काल रात्रीपर्यंत जिवंत होता.

म्हणजे दोन दिवस गावचं शोधपथक डोंगर पिंजून काढत होतं आणि म्हातारा तिथंच तळमळत पडला होता. पथकाची प्रमुख चा योंग-सुक, एरवी नूडल्सचं दुकान चालवणारी, हे ऐकून मटकन खाली बसली. दाल-सूची बायको सुन-इम समोर उभी होती. ती रडली नाही.

"त्यानं हाक तर मारली असेल ना गं?" तिनं विचारलं. "कुणालाच कशी ऐकू आली नाही?"

शोधासाठी काळी घळ गी-हूननं स्वतःहून मागून घेतली होती. दाल-सूचा सख्खा पुतण्या, पथकातला मुरलेला गडी. त्याला बोल लावायला कुणी धजेना, कारण हाका मारमारून पोराचा घसा पार बसला होता. सुन-इमच त्याला रोज मध घालून काढा पाजत होती.

योंग-सुकनं मो मास्तरांना गाठलं. ते पथकात नवेच, शोधाला शेजारच्या कड्यावर होते.

"गी-हूनचा आवाज येत होता तुम्हाला?"

"दिवसभर, ताई. 'काका, काका' अखंड चालू. असा जीव टाकणारा पुतण्या मी पाहिला नाही."

"मध्ये थांबत नव्हता?"

"छे, क्षणाची उसंत नाही. घसा गेला तशी शिट्टी फुंकायला लागला. मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं."

योंग-सुकनं मास्तरांचे आभार मानले आणि पोलिसांना बोलावून घेतलं.

दाल-सूला मूलबाळ नव्हतं. म्हणून अंत्यविधीच्या दालनात गी-हूनच मुलाच्या जागी काळे कपडे घालून येणाऱ्याजाणाऱ्यापुढं वाकत होता. लाज म्हणून नाही मेल्याला, योंग-सुकच्या मनात आलं.

"गी-हून, नव्या पोरांना तू काय शिकवतोस?" योंग-सुकनं सगळ्यांसमोर विचारलं. "हाक मारल्यावर काय करायचं?"

तो पुढच्या पाहुण्यापुढं वाकला.

"गप्प राहायचं. श्वाससुद्धा रोखायचा, कारण हाक मारायची ती ओ ऐकायला. तू दोन दिवसांत एकदाही थांबला नाहीस. तू त्याला शोधत नव्हतास, त्याचा आवाज बुडवत होतास. आणि घळ मागून घेतलीस, कारण तो कुठं पडलाय हे तुला आधीच ठाऊक होतं."

गी-हूननं दाराशी उभ्या पोलिसांकडं पाहिलं. मग बसक्या आवाजात तो सगळं बोलला. पाइनखाली उगवणाऱ्या महागड्या आळिंब्यांची काकाची जागा त्याला हवी होती. चोरून मागं गेला, पकडला गेला, झटापटीत म्हाताऱ्याला ढकललं. मेला समजून पळाला. दुसऱ्या दिवशी लोकांना दाखवायला म्हणून पहिली हाक मारली, तर खालून ओ आली.

"काय म्हणाला तो?" सुन-इमनं विचारलं.

"म्हणाला, कुणाला सांगणार नाही, मला वर काढ." गी-हून खाली बघत होता. "मला वाटलं, सांगेल."

"ती जागा त्यानं मलासुद्धा जन्मात सांगितली नाही," सुन-इम म्हणाली. "हेही नसतं सांगितलं."