शरदिनीबाईंची झडप

काशीतल्या दुर्गाघाटाच्या पायऱ्या चढताना ढुंढिराज गुरुजींना धाप लागू लागली, तेव्हा त्यांना वाईट नाही वाटलं, बरं वाटलं. ऐकावं ते नवलच! पण शरदिनीबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि बायकोच्या मागे जायची वाट सापडली, असंच त्यांच्या मनाने घेतलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या डाव्या बाजूची झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं गळतंय. छाती न उघडता मांडीच्या शिरेतून चिमटा बसवता येईल. गुरुजींनी मान डोलावली, घरी आले, आणि औषधं कोनाड्यात ठेवून दिली. ती तिथेच पडून राहिली.

शरदिनीबाईंनाही हेच दुखणं होतं. त्यांची झडप काढून धातूची बसवली होती, मुलगी मैत्रेयी लहान होती तेव्हा. तेव्हापासून त्यांची छाती वाजायची. टिक्... टिक्... गल्लीत गाडी शिरत नाही, भिंती जाड. दुपारी वीज जाऊन पंखा थांबला की खोलीभर ऐकू यायचं. "चोरून लाडू खायचीसुद्धा सोय राहिली नाही मेली," त्या हसून म्हणायच्या. "मी कुठे आहे, तुम्हाला लगेच कळतं!"

त्या झडपेसाठी रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागे. गेल्या वर्षी हरतालिकेला बाईंनी निर्जळी उपास धरला. गोळीला पाणी लागतं, म्हणून गोळी नाही. दुसऱ्या दिवशी गणपतीचा स्वैपाक सोवळ्यात. त्या पाकिटाला हात कसा लावायचा? मग ऋषिपंचमी आली. उपासात औषध चालतं, हे गुरुजी दशाश्वमेधावर आल्यागेल्या यजमानांना बजावून सांगत. घरात मात्र त्यांनी फक्त विचारलं होतं, "देवीकडे काय मागितलंस ग?"

"तुम्हाला शंभर वर्षं. दुसरं काय मागणार मी?"

झडपेवर रक्ताची गुठळी धरली. दवाखान्यात तोंडाने पाणी द्यायची मनाई होती. "अहो, एक घोट... घसा कोरडा पडलाय हो..." गुरुजींनी बोट भिजवून तिचे ओठ ओले केले. तेवढ्याच ओलीवर ती गेली. त्यांच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. रोज तिच्या खाटेपाशी ते पाण्याचा पेला भरून ठेवत.

यंदा श्रावण सरत आला आणि एका दुपारी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. खोलीत उदबत्तीचा शिळा वास होता. आणि रिकाम्या खाटेवरून आवाज आला. टिक्... टिक्...

गुरुजी घाबरले नाहीत. त्यांना रडू फुटलं. "आलीस?" ते म्हणाले. "थांब, येतोच मी..."

आवाज क्षणभर अडखळला. मग चालू झाला तो खाटेवरून नाही, अलीकडून. दुसऱ्या दिवशी तो त्यांच्या उशीपाशी होता. त्यानंतर कुठून येतो तेच कळेना. तेव्हा मात्र त्यांच्या अंगावर काटा आला.

मैत्रेयी काशीतच, लंका नावाच्या मोहल्ल्यात राहायची, तिथल्या विद्यापीठात शिकवायची. ती आली आणि कोनाड्यातली न उघडलेली औषधं बघून मटकन खाली बसली. "आई गेली. आता तुम्हीपण असंच करणार, बाबा? मग मी माहेर कुणाला म्हणू?"

पोरीचं तोंड बघून गुरुजींचा जीव तुटला. दवाखान्यात जायचं ठरलं, आणि दिवस नेमका हरतालिकेचा मिळाला.

डॉक्टर हिमानी तरुण, बोलायला गोड. तिने छातीला नळी लावली, ऐकलं, पुन्हा ऐकलं. "बाबूजी, मेटल का वाल्व कब लगवाया? काग़ज़ में तो लिखा नहीं।"

"मैंने तो कुछ नहीं लगवाया, बेटी..."

तिने पडद्यावर हृदय दाखवलं. झडप त्यांची स्वतःचीच होती, मऊ, गळकी. धातूचा कणही नव्हता. डॉक्टर गोंधळली आणि नळी मैत्रेयीच्या कानाला लावून म्हणाली, "आप ही सुनिए।"

मैत्रेयी ऐकत राहिली. लहानपणी ती त्याच आवाजावर डोकं ठेवून झोपत असे. "आई...?"

"मशीन की गड़बड़ होगी," डॉक्टर घाईने म्हणाली. "घबराइए मत। क्लिप लग जाए, फिर देखिए, सौ साल जिएँगे। बस, पानी नापकर पीजिए।"

घरी आले तेव्हा वीज नव्हती. गुरुजी खाटेपाशी गेले, कान देऊन उभे राहिले. खाट गप्प होती. शंभर वर्षं मागून तिच्याकडे जायची वाट तिनेच बंद केली होती, आणि आता ती खाटेवरही नव्हती. म्हातारा हुंदके देऊन रडला.

मग त्याने खाटेजवळचा पेला उचलला आणि घटाघटा रिकामा केला. तांब्या तोंडाला लावला. तोही संपला. माठाकडे वळला तेव्हा मैत्रेयीने हात धरला. "बाबा, बास! पाणी मोजून प्यायचंय ना?"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं नाही. छातीतून स्पष्ट आवाज येत होता. ओठ वाळून पांढरे पडले होते. ते तिच्या मागे, रिकाम्या दाराकडे बघत हळूच म्हणाले,

"अहो, एक घोट..."