बेल वाजवू नये

तिने बेल वाजवली आणि आतून कुणीतरी कळवळून ओरडलं, "मेले गं बाई, मेले!"

भिंगरीच्या हातातली हत्यारांची पिशवी धप्पकन खाली पडली. एकटीने करायचं पहिलंच काम, पहिलंच दार, आणि पहिल्याच गिऱ्हाइकाचा जीव घेतला की काय आपण? घाबरून तिने पुन्हा एकदा बेल दाबली.

"अहो, कुणी आहे का घरात? काय झालं? मी दुकानातून आलेय... राऊटरची!"

दार उघडलं. दारात एक उंच, केस विस्कटलेला तरुण. गळ्यात हेडफोन. त्याने नुसतं बेलकडे बोट दाखवलं. बेलच्या बटणाखाली कागद डकवलेला होता, ठळक अक्षरात: 'बेल वाजवू नये. रेकॉर्डिंग चालू आहे.'

"दिसलं नाही," भिंगरी पुटपुटली.

"दोनदा?" तो म्हणाला.

आणि हसला. म्हणजे ओठ हललेही नसतील फारसे... पण डोळे हसले. भिंगरीला उगाचच आपल्या कपाळावर आलेली बट आठवली.

भिंगरी म्हणजे आपल्या मामाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला उजवा हात. नुकताच डिप्लोमा झालेला, पायाला चाकं, तोंडाला कुलूप नाही, म्हणून मामाने ठेवलेलं हे नाव. त्या मंगळवारी मामाची कंबर धरली नसती, तर हे काम तिच्या वाट्याला आलंच नसतं. "फार काही नाही," मामा पलंगावरून कण्हत म्हणाला होता, "घरात एक सर्व्हर आहे. तो बाहेरगावाहून उघडता आला पाहिजे. आणि भिंगरे, तिथे जरा कमी बोल."

ते शेवटचं सोडून बाकी सगळं जमण्यासारखं होतं.

आत गेल्यावर तिला घर उलगडलं. ओरडली होती ती त्याची आत्या. निवृत्त शिक्षिका, चष्म्याला दोरी, आवाज असा खणखणीत की भिंतीवरची पालसुद्धा सावरून बसावी. ती अंध मुलांसाठी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. मागच्या खोलीत खिडक्यांना गोधड्या टांगून तिने स्वतःचा स्टुडिओच केला होता. भाच्याचं काम पुढचं: खोकला, खुर्चीची करकर, कावळे आणि बेल कापून धडा स्वच्छ करायचा आणि मुलांना पाठवायचा. वीस वर्षांची अशी वाचनं कोपऱ्यातल्या काळ्या पेटीत, म्हणजे त्यांच्या सर्व्हरमध्ये साठवलेली होती.

"याला मी मौनी म्हणते," आत्या म्हणाली. "दिवसभर माझी बडबड ऐकून याची स्वतःची संपलीये. तुझं काय नाव गं?"

"भिंगरी."

"वा! बोलतेस का?"

"थांबवलं नाही तर."

"मग थांबवू नकोस हं रे हिला," आत्या भाच्याला म्हणाली. मौनीचे कान लाल झाले.

हळूहळू कळलं ते असं. मौनीला दूरच्या एका बेटावर, पक्ष्यांचे आवाज टिपायच्या केंद्रात वर्षभराची नोकरी मिळाली होती. येत्या रविवारी निघायचं. पण मुलांच्या परीक्षा तीन महिन्यांवर आल्या होत्या आणि भूगोल अर्धा बाकी होता. पेटी बेटावरून उघडता आली, तर रोज संध्याकाळी तो तिथून धडे साफ करून पाठवणार.

"आणि नाही उघडता आली तर?" भिंगरीने विचारलं.

"तर मी जाणार नाही," मौनी शांतपणे म्हणाला.

एका दमात बोललेलं ते त्याचं सर्वांत लांब वाक्य होतं.

"अहो, उघडणार म्हणजे काय, धावत येऊन उघडेल!" भिंगरीने बाह्या सरसावल्या. "राऊटर म्हणजे या घराचा वॉचमन. सध्या तो बाहेरच्या कुणालाच आत घेत नाही. आपण त्याला सांगायचं, अमुक दारावर कुणी आलं आणि पासवर्ड बरोबर दिला, तर त्याला थेट पेटीच्या खोलीत पाठव. आणि आधी त्या वॉचमनचा स्वतःचा पासवर्ड बदलायचा. काय ठेवलाय?"

मौनीने राऊटर उलटा केला. कारखान्यातून आलेला पासवर्ड तळाला छापलेला, तसाच.

"म्हणजे घराला कुलूप आणि किल्ली कुलपालाच बांधलेली!"

या वेळी तो मोठ्याने हसला. आत्याने खोलीतून डोकं बाहेर काढून बघितलं, कोण हसलं म्हणून.

अर्ध्या तासात काम झालं. मौनी फोन घेऊन फाटकापाशी उभा राहिला आणि त्याने अंगठा वर केला. उघडलं! भिंगरी विजयी मुद्रेने, जवळजवळ उड्या मारतच दुकानात परतली.

दुसऱ्या दिवशी फोन. "बाहेरून उघडत नाही..."

तिने कपाळावर हात मारून घेतला. वायफाय तर फाटकापर्यंत पोचतंच! फोन घरातल्या घरात बोलत होता. आपण घरात उभं राहून दार बाहेरून उघडतं का, ते तपासत होतो. शिवाय घाईत राऊटरवर 'सेव्ह' दाबायचंच राहिलेलं. अशी माती खाल्लेली मामाला कळली असती, तर दुखती कंबर विसरून थयथय नाचला असता तो.

बुधवारी ती गेली. बेल वाजवली. आतून, "मेले!"

"सवय हो, सवय!" ती दाराबाहेरूनच ओरडली.

या वेळी तिने हट्टच धरला. "चला. वायफाय संपेपर्यंत चालायचं."

दोघं निघाले. मौनीच्या हातात फोन, भिंगरीची नजर फोनवर... निदान सुरुवातीला तरी. फाटक ओलांडलं. वायफायची एक रेघ कमी झाली. शिंप्याचं दुकान गेलं, दुसरी रेघ. कोपऱ्यावरच्या पिवळ्या फुलांच्या झाडाखाली शेवटची रेघ लुकलुकायला लागली. तिथे तो थांबला.

"आता घराबाहेर आलो," तो म्हणाला.

"अजून नाही. ती बघा, लुकलुकतेय. दोन पावलं पुढे."

दोन पावलं. त्याचा खांदा तिच्या खांद्याला जरासा लागला. रेघ विझली. फोनने पेटी मागितली... आणि आत्याचा खणखणीत आवाज रस्त्यावर घुमला, 'धडा सहावा. पर्वत.' शिंप्याने मशीन थांबवून मान वर केली.

"उघडलं!" भिंगरी नाचली.

"हं," मौनी म्हणाला. झाडाची फुलं त्याच्या केसांत पडली होती. त्याला ते कळलं नाही, आणि तिने सांगितलं नाही. कशाला सांगायचं? चांगली दिसत होती.

गुरुवारी सकाळी पुन्हा फोन. "उघडत नाही. म्हणजे... काहीतरी उघडतंय. पण तो आमचा टीव्ही आहे."

पुन्हा बेल, पुन्हा "मेले!" या वेळी भिंगरीला राऊटरवर विचित्रच दिसलं. काल पेटीला घरातला तीन नंबर होता, आज सात. तीन नंबरवर टीव्ही जाऊन बसलेला. बिचारा वॉचमन बाहेरच्याला इमानदारीने तीन नंबरच्या खोलीत पाठवत होता! राऊटर बंद होऊन चालू झाला, की खोल्या नव्याने वाटतो, हे तिला ठाऊक होतं. पण राऊटर बंद कोण करतंय? वीज तर गेली नव्हती. तिने नंबर बदलून दिला आणि दोघं पुन्हा चाचणीला निघाले. झाड आलं, रेघ विझली, पेटी उघडली. तरीही कुणीच मागे वळलं नाही. पार बसथांब्यापर्यंत गेले.

"इथे वायफाय नसतंच की," बऱ्याच वेळाने मौनी म्हणाला.

"खात्री केलेली बरी," भिंगरी म्हणाली आणि दोघंही आपापल्या चपलांकडे बघत राहिले.

शुक्रवारी ती फोनची वाट न बघता भर दुपारी येऊन थडकली. मौनी तिकिटाच्या कामाला गेला होता. आणि दार उघडून आत्या आत वळली ती सरळ राऊटरकडेच. तिने मायेने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, प्लग काढला आणि वर विणलेला रुमाल पांघरला.

"आत्या! हे काय करताय?"

"विश्रांती देतेय गं. दिवसभर राबतो, तापतो बिचारा. मी आडवी होते तेव्हा यालाही घटकाभर झोपवते. चार वाजता उठवते परत. का गं, चालत नाही?"

भिंगरीने तोंड उघडलं... आणि मिटलं.

कुणालाच माहीत नव्हतं. मौनीला नाही, मामाला नाही. ती काही बोलली नाही, तर राऊटर रोज झोपणार, रोज खोल्या बदलणार, पेटी रोज हरवणार. आणि रविवारी मौनी जाणार नाही. झाड, शिंपी, बसथांबा... सगळं जागच्या जागी राहील. फक्त गप्प बसायचं. मामा कधीपासून तेच तर सांगत होता!

आत्या तिच्याकडे चष्म्यावरून बघत होती.

"तो थांबला ना पोरी, तर माझ्यामुळे थांबला असं कधी म्हणणार नाही," ती हळूच म्हणाली. "मौनीच तो. पण मला रोज ऐकू येईल."

 भिंगरीने रुमाल उचलला, त्याची नीट घडी घातली आणि प्लग लावला.

"आत्या, याला झोप नको असते. वारा लागू द्या, बस्स." राऊटर जागा झाल्यावर तिने एक ओळ लिहिली: ही खोली कायम या पेटीच्याच नावावर, कितीही वेळा झोपा, कितीही वेळा उठा. सेव्ह दाबलं. तीनदा बघितलं.

मग चाचणीसाठी तिने पेटी उघडली. धड्यांच्या वर एक वेगळाच कप्पा होता. त्यात तीन छोटे तुकडे: 'बेल १', 'बेल २', 'बेल ३'.

तिने हेडफोन लावला. 'टिंगटाँग... मेले गं बाई, मेले!... टिंगटाँग... अहो, कुणी आहे का घरात?... राऊटरची!' तिचाच आवाज. धड्यातून कापलेला, पण फेकलेला नाही. कडेने स्वच्छ केलेला, कावळेसुद्धा काढून टाकलेले.

भिंगरीने तिन्ही तुकडे पुन्हा एकदा ऐकले. 

मग तिने विचारलं, "आत्या, तुमचा माइक दोन मिनिटं देता? चाचणीला... एक नवा तुकडा लागेल."

"घे की. मी चष्मा शोधते," आत्या म्हणाली. चष्मा तिच्या नाकावरच होता.

चारला मौनी आला. भिंगरीने झाला प्रकार सांगितला, त्याच्याकडे न बघता. "आता कायमचं झालं. तुम्ही एकटेच जा, झाडापलीकडे. 'चाचणी' नावाचा तुकडा आहे, तो लावा. मी इथून राऊटर बघते."

तो गेला. मागच्या खोलीत आत्याचं वाचन सुरू झालं. भिंगरी लॅपटॉपसमोर बसली. राऊटरच्या पानावर घरातल्या सगळ्या यंत्रांची यादी होती: पेटी, टीव्ही, आणि मौनीचा फोन. ती पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहिली. आहे... आहे... अजून आहे... शिंपी आला असेल...

नाही.

यादीतून त्याचं नाव गेलं होतं. आणि क्षणभराने पेटीचा दिवा लुकलुकला. बाहेरून कुणीतरी आत आलं होतं. म्हणजे आत्ता, त्या झाडाखाली, तिचा आवाज बोलत होता:

'चाचणी. एक, दोन, तीन. ऐकू येतंय ना तुम्हाला? ...तुला? बेलचे तुकडे सापडले. चोर! आता ऐक. तू जा. नक्की जा. दार मी पक्कं करून ठेवलंय, तीनदा तपासून. मला आवडतोस तू. हेही तपासलंय, बसथांब्यापर्यंत जाऊन. एकच कर... परत येशील तेव्हा बेल वाजव.'

तिने डोळे गच्च मिटले. हाय रे देवा, हे बोललो आपण? खरंच? तेही आत्याच्या माइकवर!

डोळे उघडले, तेव्हा पेटीचा दिवा शांत झाला होता. तिने पान ताजं केलं. नाही. पुन्हा. नाही. पुन्हा...

यादीच्या तळाशी त्याचं नाव उगवलं.

झाड. शिंपी. फाटक. तिने श्वास रोखला. मागच्या खोलीत आत्या वाचत होती, 'रात्री जमिनीवरून समुद्राकडे गेलेले वारे, दिवस उजाडला की दिशा बदलतात, आणि पुन्हा जमिनीकडे...'

टिंगटाँग!

ज्याने स्वतःच्या हाताने तो कागद डकवला होता, तो दारात उभा होता. धापा टाकत, केसांत पिवळी फुलं घेऊन.

"अरे, वर्षाने म्हणाले होते मी!"

"एवढं थांबवेना," मौनी म्हणाला. "वर्षानेही वाजवीन. पण त्याआधी रविवारपर्यंत दहा-बारा वेळा वाजवायची आहे. आणि तिथून रोज बोलेन. मी, भिंगरे... मी बोलेन."

"तू? बोलशील?"

"थांबवलं नाहीस तर."

तिने त्याच्या केसांतलं एक फूल काढलं. फक्त एकच. बाकीची राहू दिली.

तेवढ्यात मागच्या खोलीतून, गोधड्यांच्या आडून, माइक चालू असतानाच आत्याचा खणखणीत आवाज आला:

"मौन्या! हे कापू नकोस हं!"