पाठवणीचं इंग्रजी गाणं

बोदवडचा ललित साउंडचा धंदा करतो, आणि झकास करतो. मोठे बॉक्स, रंगीत दिवे, धूर सोडायचं यंत्र, सगळं स्वतःचं. नवरानवरी हातात हात घालून स्टेजकडे निघाले की खाली धूर सोडायचा आणि वर इंग्रजी गाणं लावायचं, ही आता आपल्याकडची रीतच झालीय. वऱ्हाडाला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण ते नसलं तर लग्न मिळमिळीत वाटतं. ललितला तरी कुठं कळत होतं? बाई हळू गातेय, मागं पियानो वाजतोय, म्हणजे गाणं प्रेमाचंच असणार! असली जगभर गाजलेली गाणी त्यानं पेन ड्राइव्हवर भरून ठेवली होती. त्यातलं एक त्याचं फार लाडकं.

भुसावळला रेल्वेच्या जुन्या बंगल्यांना लागून एक मंगल कार्यालय आहे. कधीकाळी त्या बंगल्यांत अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्ड राहायचे. तिथं ललितनं ते लाडकं गाणं पहिल्यांदा लावलं, तेव्हा शेवटच्या रांगेत, बॉक्सला अगदी खेटून, एक म्हातारी दिसली. फिकट निळा फ्रॉक, पायांत पांढरे मोजे, डोळे मिटलेले. तेवढ्या आवाजाशेजारी कुणी बसत नाही, आणि ही बाई अंगाई ऐकावी तशी बसलेली. गाणं संपलं, त्यानं मान वळवली, तर खुर्ची रिकामी. नुसता वास मागं राहिला होता. दगडी कोळशाचा धूर, आणि त्यात मिसळलेली तोंडाला लावायची पावडर.

आता सांगा, भुसावळहून कोळशाची इंजिनं जाऊन किती काळ लोटला?

मग सावद्याला दिसली, यावलला दिसली. जिथं ते गाणं, तिथं ती. ललित घाबरला का? छे! दिवेलागणीची वेळ, माणसांची ही गर्दी, वरण-बट्टीचा घमघमाट सुटलेला, त्यात कोण घाबरतं? उलट त्याला बरं वाटायचं. आपलं गाणं कुणीतरी जीव लावून ऐकतंय म्हणून.

अशात त्याचं लग्न ठरलं. मुलगी भाविका, भुसावळच्या शाळेत इंग्रजी शिकवणारी, हसरी, तोंडाची फटकळ. एका मैत्रिणीच्या लग्नात तिनं ललितचं ते लाडकं गाणं ऐकलं आणि तोंडाला पदर लावून मशीनपाशी धावत आली.

"अहो डीजेवाले, ही बाई काय म्हणतेय ठाऊक आहे का? 'जाते मी. किल्ली पायपुसण्याखाली आहे. मला शोधू नकोस.' नवऱ्याला सोडून चाललीय ती!"

"काय सांगते?" ललितच्या तोंडचं पाणीच पळालं.

तिनं एकेक करून बाकीची ऐकली. एकात तो तिची पत्रं जाळत होता, एकात ती म्हणत होती, 'माझ्याविना सुखी राहा.' भाविका हसून हसून बेजार. "अख्खा ड्राइव्ह काडीमोडाचा! आणि ह्यावर तुम्ही नवऱ्या स्टेजवर चढवता?" मग एकदम गंभीर झाली. "आपल्या लग्नात हे नको हं. एवढं एक माझं ऐका."

ललितनं त्याच दिवशी ती सगळी गाणी काढून टाकली, लाडकंसुद्धा. पुढचं लग्न पुन्हा त्याच भुसावळच्या कार्यालयात होतं. नवरी निघाली, धूर सुटला, आणि नव्या गाण्याचं पहिलं कडवं संपायच्या आत आवाज बंद. दिवे चालू, जनरेटर चालू, बॉक्स तेवढे मुके. शेवटच्या रांगेत ती उभी होती. आज पहिल्यांदाच तिचे डोळे उघडे होते, आणि ते ललितवर रोखलेले होते.

मग त्या मुक्या बॉक्समधून हळूहळू तेच गाणं येऊ लागलं... जुनं, दुरून आल्यासारखं...

"रुपचंद..." ललित जोडीदाराला कसंबसं म्हणाला, "वायर काढ..."

"काढलीय भाऊ..." रुपचंदनं वायरचं टोक हातात धरून दाखवलं. "कधीचीच काढलीय..."

धुरात नवरी थिजून उभी होती आणि तिची आई काही न कळताच रडायला लागली होती. ललितला घरी जाऊन घास गिळेना. आठवड्यावर त्याचं स्वतःचं लग्न, तेही त्याच कार्यालयात. भाविका हात धरून निघेल आणि त्या म्हातारीनं तिच्या डोक्यावर 'जाते मी' म्हटलं तर? भाविका गेली तर?

सोनगीरहून निंबामामा लग्नाला आधीच येऊन राहिले होते. त्यांनी सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "तू काबर घाबरस? ती पाव्हनी शे. बठ्ठा लोके मांडवमा जेवतस, ती एकलीच उपाशी जास. आन तू तिनं गानं बी काढी लिधं! रुसेल आत्या शे रे ती. तिनी समजूत काढ."

सगळे जेवले, ही एकटीच उपाशी गेली, वर तिचं गाणंही गेलं, म्हणजे रुसणारच; आणि रुसलेल्या आत्याची समजूत कशी काढतात, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही. ललितनं भीतभीत भाविकाला सगळं सांगितलं. ती हसली नाही, ह्याचंच त्याला नवल वाटलं.

"एंट्रीला नकोच," ती विचार करून म्हणाली. "पाठवणीला लावा. जाणारीचं गाणं आहे ना ते? मीही त्या वेळी जाणारीच असेन."

लग्न निर्विघ्न लागलं. ऊन कलताना पाठवणी निघाली. ललितनं पहिल्या रांगेत एक खुर्ची मांडून ठेवली होती, मानाचं ब्लाउजपीस ठेवलं होतं, समोर वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. रुपचंदनं ते गाणं पुन्हा भरून लावलं, आणि काय सांगू, असली पाठवणी भुसावळनं पाहिली नसेल! भाविकाचा बाप, ज्याला इंग्रजी अक्षर येत नव्हतं, तोच सगळ्यांत जास्त रडला. खुर्चीकडे बघायचं ललितनं कटाक्षानं टाळलं. गाणं संपल्यावर पाहिलं, तर ताट चाटूनपुसून स्वच्छ. ब्लाउजपीस नव्हतं. त्यानं मामांकडे बघून हात जोडले. छातीवरचा धोंडाच उतरला त्याच्या.

नवरीबरोबर पाठराखीण म्हणून भाविकाच्या भिकुबाई आत्या यायच्या होत्या, पण रडून रडून त्यांना घेरी आली, त्या भुसावळलाच राहिल्या. गाडीत मागं दोघंच. भाविका दमून त्याच्या खांद्यावर झोपली होती. ललितला वाटलं, सुख म्हणतात ते हेच.

बोदवडला आई, मंदाबाई, ताट घेऊन दारात उभीच होती. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, माप ओलांडून सून आत आली.

"आई, पाठराखीण आली नाही गं," ललित म्हणाला.

"आली नाही काय? हिच्या मागोमाग उंबरा ओलांडून गेली की! गोरीपान, पायांत मोजे. मी पाय धुवायला थांब म्हणेतो आत गेलीसुद्धा."

आतून वास आला. कोळशाचा... आणि पावडरचा...

पण तसं वाईट काहीच झालं नाही हो. संसार छान चाललाय, धंदा वाढलाय, सासूसुनेचं गूळपीठ आहे. पाठराखिणीनं नवरीबरोबर माहेरी परत जायचं असतं. भाविका माहेरी जाऊन आली. पाठराखीण मात्र गेलीच नाही. दिवेलागणीला मधल्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात गुणगुणतं. चाल तीच.

एकदा ललितला राहवलं नाही. "तेच म्हणते ना गं?... जाते मी?"

भाविका देवापुढं दिवा लावत होती. तिनं कान दिला, बराच वेळ दिला.

"चाल तीच आहे," ती हळूच म्हणाली. "शब्द बदललेत."

"काय म्हणते?"

"किल्ली उचलून घेतली, म्हणते... आता नाही जायची कुठं..."

ललित उठला, दाराशी गेला. लग्नातच आणलेलं नवंकोरं पायपुसणं त्यानं उचललं. खाली फरशीवर गंजाचा एक डाग होता, लांबट, टोकाला दाते असलेला, अगदी किल्लीएवढा.