बिनगव्हाचं घर

"आत येऊ का?"

आवाज कानी पडताच ताईच्या बोटांतलं लोणी परातीतल्या पिठात गळून पडलं. वळून न पाहताही तिनं तो आवाज ओळखला होता... ज्या लेकराला तिनं न्हाऊमाखू घातलं, ज्याच्या उशाशी बसून ताप उतरायची वाट पाहिली, ते लेकरू आज तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून परक्या बाईसारखं परवानगी मागत होतं!

दारात धाकटी होती. बाबांना अखेरचा निरोप देऊन परतताना, भर रस्त्यात, चार लोकांदेखत "बाबांना माझ्यापासून तोडलंस, आजपासून तू मला मेलीस!" असं म्हणून पाठ फिरवून गेलेली तिची सख्खी धाकटी बहीण. मधे वर्षं लोटली होती, केसांत रुपेरी तारा आल्या होत्या. तिच्या बोटाला धरून एक मुलगी उभी होती... हातापायांच्या नुसत्या काड्या, पोट तेवढं फुगलेलं, चेहऱ्यावर रक्ताचा टिपूस नाही. ताईच्या काळजात चर्र झालं. हे रूप तिनं पूर्वी पाहिलं होतं!

"हिलाही तेच निघालं, ताई," धाकटी जमिनीकडे बघत म्हणाली. "माझंच दुखणं. गव्हाचा कणही चालायचा नाही म्हणे. धड जेवत नाही, बेकरीच्या काचेपुढे उभी राहून रडते. तू मला करून घालायचीस ना ते स्कोन... मला जमत नाहीत गं. दगड होतात."

एवढ्या वर्षांच्या अबोल्यानंतर बोलणं निघालं ते हे! ताईला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या तळाशी एक हुंदका दाटला.

"माझेही व्हायचे," ती म्हणाली. "बस. आणि तू गं पिटुकले, हात धुऊन ये. मावशीला मदत कोण करणार?"

चाळणीतून तांदळाचं पांढरंशुभ्र पीठ झरू लागलं, आणि ताईचं मन मागं मागं धावू लागलं...

बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. आई धाकटीला पदरात टाकून लवकरच गेली, आणि ताई कोवळ्या वयातच आई झाली. खाली बाबांची भट्टी. तिची ऊब भिंतीतून वर यायची, थंडीत दोघी बहिणी त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. गल्लीला घड्याळाची गरज नव्हती. भाजक्या लोण्याचा दरवळ सुटला की शाळा सुटायची वेळ झाली, हे म्हाताऱ्यांनाही कळायचं! तो दरवळ बाबांच्या स्कोनचा. धड पाव नव्हे, धड बिस्कीट नव्हे. वरून खुसखुशीत, आतून कापसासारखा मऊ, गरम असतानाच फोडायचा आणि लोणी वितळायच्या आत तोंडात टाकायचा. पण ताईचा हात बाबांच्याही वर होता. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचे, "दुकानाच्या पाटीवर नाव हिचं लागणार! माझ्या हाताला नुसती सवय आहे, हिच्या हाताला जीव आहे."

आणि त्याच घरात धाकटी मात्र दिवसेंदिवस वाळत चालली होती... खाल्लेलं अंगी लागेना. अखेर डॉक्टरांना दुखणं सापडलं. गव्हातलं ग्लुटेन त्या पोरीच्या आतड्यांना विष होतं. ताटातला गहू त्याच दिवशी बंद झाला, तरी उतार पडेना. मग डॉक्टर स्वतः घरी आले, जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते पांढरं झालेलं बोट त्यांनी बाबांपुढे धरलं.

"पीठ हवेत उडतंय, उशीवर बसतंय, पाण्याच्या पेल्यात पडतंय. या घरात ही पोर सुधारायची नाही."

बाबा भट्टीपुढे बसून ढसाढसा रडले. "विझवतो मी ही," म्हणाले. पण ताईला ठाऊक होतं, भट्टी विझली तर बाबाही विझतील. त्यांना जगात दुसरं काही येत नव्हतं, दुसरं काही नकोही होतं.

"मी तिला घेऊन जाते, बाबा."

"अगं, आणि तुझं काय? ही पाटी, हे दुकान..."

"पाटी कुठं पळून जातेय!"

"तिला काय सांगशील? माझ्यापासून का नेलंस ते? तिच्यापायी घर मोडलं, हे त्या चिमुरडीला सांगणार?"

ताई अगदी शांत स्वरात म्हणाली, "नाही. तिला सांगू, आपलं भांडण झालं. मी उद्धट, मी हट्टी, मी घर सोडलं. माझी शपथ आहे बाबा, दुसरं काही तिच्या कानावर जायचं नाही!"

गावाच्या दुसऱ्या टोकाला तिनं एक खोली घेतली. ज्या हातांना जीव होता ते हात एका धुलाईच्या दुकानात लोकांच्या सदऱ्यांवर इस्त्री फिरवू लागले. गव्हाच्या पिठाला तिनं पुन्हा कधी बोट लावलं नाही. पण धाकटी स्कोनसाठी झुरायची, आणि ते ताईला बघवेना. नुसत्या तांदळाच्या पिठाचे केले, ते इतके टणक झाले की घरमालकीणबाईंनी एक मागून नेला आणि दाराला अडण म्हणून लावला! बटाट्याचं सत्त्व मिसळलं, तर फोडताच भुगा. पिठाला धरून ठेवील असं काही हवं होतं, म्हणून कुणाच्या सांगण्यावरून इसबगोल आणायला गेली, तर औषधवाला हळूच पुढं वाकून म्हणाला, "ताई, जुनी तक्रार असेल तर रात्री गरम पाण्यातून घ्या." बिचाऱ्याला काय ठाऊक, तिचं पोट नव्हे, स्कोन बिघडले होते! पण इसबगोलानंच किमया केली. तो दूध शोषून फुगला, पीठ गोळ्याला आलं. एका दुपारी स्कोन मऊ निघाला, आणि ओठांना लोणी माखलेली धाकटी खदखदून हसली... त्या हसण्यापुढं ताईला राज्य तुच्छ वाटलं!

पण मूल मोठं होतं, आणि मुलाबरोबर प्रश्न मोठे होतात. भांडण कसलं होतं? मिटत का नाही? ताईनं दर वेळी मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेला धाकटीनं अपराध मानलं, आणि ती बहिणीपासून दूर दूर जात राहिली...

"मावशी, हे हाताला चिकटतंय!" पिटुकलीच्या आवाजानं ताई भानावर आली.

"चिकटू दे, राणी. आता त्याला थोडं झाकून ठेवायचं. तांदूळ मोठा आळशी, दूध प्यायला वेळ लावतो."

मुलगी खिडकीशी जाऊन रस्त्यावरची मांजर बघू लागली. धाकटी अजून खुर्चीच्या कडेवर बसली होती.

"ताई, मी स्कोनसाठी आले नाही."

ताईनं परातीवर फडकं टाकलं.

"डॉक्टरांनी विचारलं, घरी कुणी पिठाचं काम करतं का? नाही म्हटलं. तर म्हणाले, बरं झालं, नाहीतर मुलीला घराबाहेर काढावं लागलं असतं. बेकरीवाल्या घरात असलं मूल तगत नाही..." तिनं मान वर केली. "आपलीही बेकरी होती, ताई! मी रस्ताभर वेड्यासारखी विचार करत आले. बाबा दर रविवारी समोरच्या बागेत मला भेटायला यायचे, आणि घरात कधीच यायचे नाहीत. मला वाटायचं, तू त्यांना उंबरा ओलांडू देत नाहीस. मी तुला शिव्याशाप दिले त्यासाठी! पण त्यांचे केस... ऐन थंडीतसुद्धा त्यांचे केस ओले असायचे. कपडे कोरे करकरीत. आणि मला जवळ घ्यायच्या आधी ते नखं बघायचे स्वतःची, दोन्ही हातांची... का गं, ताई? सांग ना, का?"

ताई परातीवरच्या फडक्याची सुरकुती सरळ करू लागली.

"भांडण झालंच नव्हतं. हो ना?"

"...नाही."

"कधीच?"

"एकदा मिठावरून झालं होतं. ते मिटलं."

धाकटी खुर्चीतून उठली आणि कोसळल्यासारखी ताईच्या गळ्यात पडली. "का सोसलंस गं एवढं! मी मोठी झाल्यावर तरी सांगायचंस! बाबा गेले तेव्हा तरी, त्या रस्त्यात तरी! मी काय काय बोलले तुला..."

"सांगितलं असतं तर तू स्वतःवर रागावली असतीस, बाळ," ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, आणि इतकी वर्षं बांधून ठेवलेला पूर तिच्या डोळ्यांतून वाहू लागला. "कुणावर तरी रागवायचंच होतं तुला. माझ्यावर रागावलीस, बरं झालं. माझी पाठ रुंद आहे."

"आणि बाबा?"

"शेवटी शेवटी म्हणायचे, सांगूया का गं तिला? मीच नको म्हणायची. तेवढंच एक मनाला खातं... ते जाताना त्यांच्या जवळ आपण दोघी मिळून असायला हवं होतं."

दोघींचं रडणंसुद्धा वाटून घेतल्यासारखं, एकीचं थांबलं की दुसरीला उमाळा यायचा. शेवटी पिटुकली खिडकीपासून वळली, दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि चिंतातुर होऊन विचारलं, "हेपण दगड होणार का?"

दोघी रडता रडता हसल्या. ताईनं डोळे पुसले, गोळा ओट्यावर थापला. धाकटीनं बाह्या सरसावून स्कोन कापायला धारदार काठाची वाटी हातात घेतली, पिठावर दाबली आणि सराईतपणे गर्रकन फिरवली.

"अगं, पिरगळू नकोस!" ताई कडाडली. "सरळ दाब, सरळ उचल! पिरगळलंस की कडा मिटतात आणि फुगत नाहीत मेले! म्हणून दगड होतात तुझे! एवढी घोडी झालीस, कुणी शिकवलं नाही?"

आणि तिनं एकदम जीभ चावली... आजारी पोर, आईवेगळी पोर, दुखावलेली पोर, म्हणून उभ्या जन्मात ती धाकटीवर कधी ओरडली नव्हती!

धाकटी वाटी हातात धरून तिच्याकडे बघत राहिली. तिच्या ओल्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं.

"नाही शिकवलं," ती म्हणाली. "आता शिकव. आणि ताई... अजून ओरड."