चौथ्या प्रकरणाची सहा पानं

एप्रिलचं ऊन डोक्यावर घेऊन श्रीपत भालकी गावातल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिरला, आणि टेबल फॅननं त्याच्या हातातला गठ्ठा खोलीभर उधळला! तलावाच्या अहवालाची हातानं लिहिलेली अडीचशे पानं... आणि एकावरही नंबर नाही.

"इंजिनिअर साहेब, तलाव बांधायलाव, अन् पानं बांधता येईनात व्हय?" टाइपरायटरमागून सत्यभामा हसली.

तो गुडघ्यावर बसून पानं वेचत राहिला. कान मात्र लालबुंद!

मशीनवर बसतानाच तिनं सांगून टाकलं, "एक ते अडीचशे सलग टाकणार न्हाई. प्रत्येक प्रकरण एकपासून. चार-एक, चार-दोन... अन् पानाच्या डोक्यावर प्रकरणाचं नाव."

"कामून? बीदरचे साहेब हसतील की!"

"हसू द्या. मधी पानं वाढली तर पुढचे सगळे नंबर पाच-पाच प्रतींवर कोण खोडत बसणार — तुम्ही?"

इन्स्टिट्यूटचे गुंडेराव मास्तर कुरकुरले, "पोरी, बिनसलं तर तुझ्या डोक्यावर बरं का."

बुद्धविहाराच्या गल्लीतली पहिली टायपिस्ट होती ती. मान खाली घालायला शिकलीच नव्हती.

पंधरा दिवस तो रोज आकडे तपासायला येई. आकडे बरोबरच असत... तरी येई.

आणि एका सकाळी बीदरहून उतरलेला चेहरा घेऊन आला. "चौथ्या प्रकरणात माती तपासणीची सहा पानं वाढवायचीत. उद्या दुपारपर्यंत. खाडाखोड दिसली तर अहवाल परत!"

सत्यभामानं कार्बन चढवले. चौथं प्रकरण संपलं होतं चार-एकतीसवर. नवी पानं बत्तीस ते सदतीस. पाचवं प्रकरण जागचं हललंही नाही. ऊन कलायच्या आत पाची प्रती तयार!

दुसऱ्या दिवशी अहवाल बीदरला पोचवून तो परतीच्या बसमधून उतरला, अन् धावतच आला.

"साहेबांनी विचारलं, ही पद्धत कुणाची? मी भर ऑफिसात सांगितलं — माझी न्हाई, भालकीच्या सत्यभामाबाईंची. आता तिथले सगळे अहवाल असेच होणार!"

तिची बोटं कळांवरच थांबली. हे श्रेय त्यानं गुपचूप खिशात घातलं असतं, तर कुणाला कळलं असतं?

"अजून एक..." तो अडखळला. "अहवाल संपला. आता यायला निमित्त न्हाई. लग्न... कराल माझ्याशी?"

"एवढी मोठी गोष्ट, अन् उंबऱ्यात उभं राहून बोलायलाव?" तिचे डोळे चमकले. "संध्याकाळी घरी या. माझ्या अप्पांना जयभीम करा. ते म्हणतील, पोरीला विचारलंस का? तर मान वर करून सांगा — विचारलं. व्हय म्हणली."